भीतीच्या रांगा : अमेरिकेतील हॅलोविन-रात्रींचा इतिहास

एखाद्या कथासूत्रावर बेतलेल्या करमणूक उद्यानाला, म्हणजेच थीम पार्कला, ऑक्टोबर महिन्यात रात्रीपुरते भुताखेतांचे रूप द्यायचे आणि त्यासाठी वेगळे तिकीट लावायचे, ही प्रथा अमेरिकेत गेल्या पन्नासएक वर्षांत रुजली. तेथे अशा रात्रींना ‘हाँट’ म्हणतात. मराठीत त्यांना भयरात्री म्हणता येईल. या प्रथेचा इतिहास सांगताना बहुधा मुखवटे, लाल रंगाचे ओघळ आणि चित्रपटांतील राक्षस यांच्यावरच भर दिला जातो. प्रत्यक्षात मात्र हा व्यवसाय घडवला तो गर्दीने. हजारो माणसे एकाच संध्याकाळी एकाच आवारात आली तर त्यांना उभे कोठे करायचे, पुढे कसे सरकवायचे आणि ताटकळण्याच्या वेळात त्यांच्यासमोर काय ठेवायचे, या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता ही कला उभी राहिली, आणि तिची गोष्ट सांगण्याची रीतही त्याच उत्तरांतून ठरत गेली.

हॅलोविन हा ३१ ऑक्टोबरचा सण ख्रिस्ती पंचांगातील सर्व संतांच्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, पूर्वसंध्या आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा सर्व मृतात्म्यांचा दिवस गोव्यातील कॅथलिक कुटुंबेही आपल्या पूर्वजांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून पाळतात. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात हा सण अमेरिकेत नेला, आणि त्याबरोबर त्या रात्री पोरांनी कराव्या अशा खोड्याही नेल्या. १९३०च्या दशकातील महामंदीत या खोड्यांना नासधुशीचे रूप आले, तेव्हा गावोगावच्या संस्थांनी आणि पालकांनी मुलांना रस्त्यावरून उचलून घरात आणण्यासाठी हॅलोविनच्या मेजवान्या भरवल्या आणि तळघरांतून अंधाऱ्या वाटा तयार केल्या, ज्यांत भिंतीला ओले स्पंज टांगलेले असत आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून विव्हळण्याचे आवाज येत. भीतीचे घर ही कल्पना अमेरिकेत घरगुती पातळीवर पसरली ती अशी, मोकाट जमावाला एका दारातून आत घेऊन दुसऱ्या दारातून शहाण्यासारखे बाहेर काढण्याचा उपाय म्हणून. पुढे १९७०च्या दशकात ‘जेसीज’सारख्या तरुणांच्या नागरी संघटनांनी याच धर्तीवर निधी उभारण्यासाठी भूतबंगले चालवले, आणि ऑक्टोबरमध्ये पैसे मोजून घाबरायला जाण्याची सवय मध्यमवर्गाला लागली.

भीती दाखवण्याचे तंत्र त्याहून बरेच जुने आहे. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस एतिएन-गास्पार रॉबेर्तसन हा कापुचिन साधूंच्या ओस पडलेल्या मठात जादूच्या कंदिलाने धुरावर आणि पडद्यावर प्रेतात्मे उमटवत असे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८६२च्या नाताळात जॉन हेन्री पेपर याने तिरक्या काचेच्या साहाय्याने रंगमंचावर पारदर्शक भूत उभे केले, आणि ती युक्ती आजही ‘पेपर्स घोस्ट’ याच नावाने ओळखली जाते. हे दोन्ही प्रयोग खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकांसाठी होते. प्रेक्षकाला चालते करणारा जुना नमुना म्हणजे ऑर्टन अँड स्पूनर या इंग्रज कंपनीने १९१५ मध्ये जत्रांसाठी बांधलेले भुताचे घर, जे लिपहूक येथे जतन केलेले आहे. आणि प्रेक्षकाला गाडीत बसवून अंधारातल्या नागमोडी रुळांवरून फिरवणारी ‘प्रेट्झेल’ ही सफर न्यू जर्सीत १९२८च्या सुमारास आली. बसलेला, चालणारा आणि गाडीतला असे प्रेक्षकाचे हे तीन प्रकार ध्यानात ठेवावे लागतात, कारण गर्दीचे गणित तिन्हींत वेगवेगळे असते.

या सर्व धाग्यांची गाठ पडली ती कॅलिफोर्नियातील ब्युना पार्क येथे. वॉल्टर नॉट हा शेतकरी १९२०च्या दशकापासून तेथे बेरीची लागवड करीत असे आणि रस्त्याकडेच्या दुकानातून फळे व मुरंबे विकत असे. रूडॉल्फ बॉयसन याने केलेला आणि मरणपंथाला लागलेला बेरीचा संकर त्याने जगवला आणि त्याला ‘बॉयसनबेरी’ हे नाव दिले. १९३४च्या जूनमध्ये त्याची पत्नी कॉर्डेलिया हिने आठ पाहुण्यांना आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांतून तळलेल्या कोंबडीचे जेवण वाढले, ज्याचा दर ६५ सेंट होता. मंदीच्या काळात एवढ्या पैशांत पोटभर जेवण मिळते ही बातमी पसरली आणि थोड्याच वर्षांत आठवड्याच्या सुटीला तेथे तासन्‌तास थांबावे लागेल एवढी रांग लागू लागली. रांगेतल्या माणसांनी कंटाळून परत जाऊ नये म्हणून नॉटने आधी दगडी बाग, कृत्रिम धबधबा आणि छोटासा ज्वालामुखी उभारला. १९४०पासून त्याने त्याहून मोठे काम हाती घेतले : त्याच्या आजीने बैलांच्या छपरी गाडीतून वाळवंट ओलांडले होते, त्या प्रवासाचे दृश्य उभे करण्यासाठी त्याने ओसाड पडलेल्या खाणगावांतील जुनी लाकडी घरे आणली आणि त्यांचे ‘घोस्ट टाउन’ नावाचे गाव वसवले. ‘घोस्ट टाउन’ म्हणजे भुतांचे गाव नव्हे, तर वस्ती उठून गेलेले गाव. तरीही नावातली भुते तीन दशके वाट पाहात राहिली असे म्हणावेसे वाटते. जेवणाच्या रांगेसाठी सांगितलेली ही गोष्ट पुढे जेवणापेक्षा मोठी झाली, आणि १९६८ मध्ये आवाराला कुंपण घालून प्रवेशशुल्क लावले गेले, तेव्हा शेताचे रीतसर उद्यान झाले. अमेरिकन थीम पार्कच्या इतिहासात डिस्नीचे नाव आधी घेतले जाते, आणि त्यामागे कारणेही आहेत. पण रांगेला गोष्ट लागते हे नॉटने डिस्नीलँडच्या १५ वर्षे आधी ओळखले होते, याचे श्रेय त्याला फार क्वचित दिले जाते.

डिस्नीलँडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. तेथील ‘हाँटेड मॅन्शन’ या वाड्याची कल्पना १९५०च्या दशकात केन अँडरसन याने मांडली तेव्हा पाहुण्यांनी गटागटाने पायी चालत वाडा पाहावा आणि प्रत्येक दालनात गोष्टीचा एक भाग उलगडावा, असा बेत होता. वाड्याचा दर्शनी भाग १९६३ मध्ये बांधून झाला, पण वाडा उघडला १९६९च्या ऑगस्टमध्ये. मधली वर्षे न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक प्रदर्शनाच्या कामात, १९६६ मध्ये झालेल्या वॉल्ट डिस्नीच्या निधनानंतरच्या अनिश्चिततेत, आणि वाडा हसवणारा असावा की घाबरवणारा यावरून मार्क डेव्हिस व क्लॉड कोट्स या रचनाकारांमध्ये झालेल्या मतभेदात गेली. पायी चालणारे गट तासाला जेमतेम काहीशे माणसे पुढे नेऊ शकत होते आणि उद्यानात दिवसाला हजारोंनी माणसे येत होती. अखेर ‘ऑम्निमूव्हर’ ही साखळी-गाडी स्वीकारली गेली. तीत न थांबता एकामागून एक सरकणाऱ्या खुर्च्या असतात आणि प्रत्येक खुर्ची ठरलेल्या जागी ठरलेल्या दिशेला वळते, त्यामुळे प्रवाहही अखंड राहतो आणि प्रेक्षकाने काय पाहायचे हेही ठरवता येते. या निवडीने सुसूत्र कथानक मोडले आणि त्याच्या जागी प्रसंगांची माळ आली, कारण सतत सरकणाऱ्या माणसाला संवाद पुरता ऐकू येत नाही.

याच वाड्यातील एक दालन जवळून पाहण्यासारखे आहे. आत शिरलेला गट आठ कोनांच्या एका खोलीत उभा राहतो, दार बंद होते, भिंतीवरील तसबिरी हळूहळू लांब होऊ लागतात, आणि तसबिरीतल्या सोज्वळ माणसांच्या पायाखाली काय वाढून ठेवले आहे ते दिसू लागते. खोलीच ताणली जात आहे, असा भास होतो. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातील ती खोली म्हणजे एक लिफ्ट आहे. सफरीची मोठी इमारत उद्यानाभोवतीच्या आगगाडीच्या बांधापलीकडे आहे आणि पाहुण्यांना रुळांखालच्या भुयारातून तेथे न्यायचे असल्यामुळे त्यांना आधी जमिनीखाली उतरवणे भाग होते. फ्लोरिडात हाच वाडा पुन्हा बांधला गेला तेव्हा खाली उतरण्याची गरज नव्हती. तरीही खोली ठेवली गेली, फक्त जमीन खाली नेण्याऐवजी छत वर नेले गेले. वाहतुकीची सोय म्हणून जन्मलेली गोष्ट सोयीची गरज संपल्यावरही टिकून राहते, याचा याहून चांगला दाखला या व्यवसायात नाही.

नॉटच्या उद्यानातील पहिली भयरात्र १९७३च्या ऑक्टोबरअखेर तीन रात्रींपुरती भरली. शाळा सुरू झाल्या की उन्हाळी गर्दी ओसरते आणि नाताळपर्यंत उद्यानाला मंदीचे दिवस येतात. ही पोकळी भरण्याचा तो एक तात्पुरता उपाय होता. नवे काही बांधायला वेळ नव्हता, म्हणून असलेल्यालाच सोंग चढवले गेले : खाणीतून फिरणारी गाडी आणि लाकडी ओंडक्यांची जलसफर या बड हर्लबट याने बांधलेल्या दोन सफरींच्या वाटेवर मुखवटे घातलेले कर्मचारी दबा धरून उभे राहिले, आणि ‘घोस्ट टाउन’च्या गल्ल्यांत धूर सोडला गेला. वाट आखलेली होती, घरे जुनी होती, गावाची गोष्ट पाहुण्यांना पाठ होती. भर पडली ती फक्त रात्रीची. प्रतिसाद असा मिळाला की पुढच्या वर्षांत रात्री वाढत गेल्या, आणि त्या दिवसांत उद्यानाच्या ‘नॉट्स बेरी फार्म’ या नावात ‘बेरी’च्या जागी ‘स्केरी’, म्हणजे भयावह, हा शब्द बसवला जाऊ लागला.

भयरात्रीची गर्दी दिवसाच्या गर्दीहून वेगळी असते. ती तरुण असते, टोळीने येते, अंधारात वावरते आणि सर्वांत लोकप्रिय भूतघराकडे एकाच वेळी धावते. या गर्दीचा भार वाटून देण्यासाठी नॉटच्या उद्यानाने रंगमंचाचा मोठा उपयोग केला. दूरचित्रवाणीवर भयपट सादर करणारा ‘सेमूर’, म्हणजे लॅरी व्हिन्सेंट, याला आरंभीच्या काळात बोलावले गेले, आणि १९८२पासून ‘एल्व्हिरा’ या पात्रामुळे प्रसिद्ध असलेली कसँड्रा पीटर्सन तेथे वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिली. सुमारे दोन हजार आसनांचे नाट्यगृह दर प्रयोगाला भरते तेव्हा तेवढी माणसे अर्धा तास गल्ल्यांतून आणि रांगांतून कमी होतात, हा त्या करमणुकीचा दुसरा, न दिसणारा उपयोग होता.

गल्लीतला भीतीचा खेळ मात्र याच उद्यानात सर्वांत पुढे गेला. ज्या मोकळ्या रस्त्यावर सोंगे हिंडतात आणि पाहुणा रांगेत नसतानाही सुरक्षित नसतो, त्याला या धंद्यात ‘स्केअर झोन’ म्हणतात. नॉटच्या कलाकारांनी तेथे ‘स्लायडर’ हा प्रकार रुजवला : गुडघ्यांना जाड कवच आणि हातमोज्यांना धातूच्या पट्ट्या बांधलेला माणूस धुरातून वेगाने धावत येतो, अचानक गुडघ्यांवर पडतो आणि डांबरावरून घसरत पाहुण्याच्या पायांशी येऊन थांबतो, तेव्हा धातू रस्त्यावर घासून खरखराट होतो आणि ठिणग्या उडतात. पाहुण्याची नजर समोर असते, घाला मात्र कमरेखालून येतो. त्यात आवाज आधी, ठिणगी मग आणि चेहरा शेवटी, हा क्रम सांभाळावा लागतो. हे कसब अंगावर येते, गुडघे आणि मनगटे झिजवते, आणि जुन्यांकडून नव्यांकडे हातोहात शिकवले जाते. कोकणातल्या शिमग्यात पोरांमागे धावणारा संकासुर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कलेचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही : दूर पळणाऱ्याला धरायचे नसते, पळवायचे असते.

पायी पाहायच्या भूतघराला नॉटच्या परंपरेत ‘मेझ’, म्हणजे भूलभुलैया, आणि युनिव्हर्सल स्टुडिओच्या परंपरेत ‘हाउस’ म्हणतात. नाव भूलभुलैयाचे असले तरी त्यात चुकण्याची सोय नसते. वाट एकच आणि एकदिशा असते. कलाकार पडद्याआडच्या कोनाड्यात उभा राहतो, समोरच्या बाजूला काही तरी लक्ष वेधून घेणारे ठेवलेले असते, आणि गटातला पुढचा माणूस ते पाहात असताना झडप उघडते. शक्य तेव्हा भीती मागून किंवा बाजूने द्यायची आणि माणसे पुढच्या दिशेने पळतील असे पाहायचे, हा या कामाचा मूळ नियम आहे, कारण समोरून घाबरवलेला माणूस थबकतो किंवा मागे फिरतो आणि मागचा सगळा प्रवाह तुंबतो. समजा दर २० सेकंदांना आठ जणांचा गट आत सोडला, तर तासाला १,४४० माणसे पुढे जातात; हेच अंतर ३० सेकंद केले तर संख्या ९६० वर येते. भीतीच्या दृष्टीने मोठे अंतर चांगले, कारण पुढच्या गटाची किंकाळी मागच्याला आधीच सावध करत नाही. पण रात्रीचे तास मोजकेच असतात आणि बाहेरची रांग वाढतच असते. म्हणून मोठ्या गर्दीच्या रात्री गट उरतच नाहीत, अखंड माळ आत सरकत राहते, आणि दहा दालनांपैकी कोणत्या दालनात कोणाला धक्का बसेल हे नशिबावर सोपवले जाते. गोष्ट सांगणाऱ्याला हे गणित पाळावेच लागते. आरंभ, मध्य आणि शेवट असलेले कथानक अशा माळेला सांगता येत नाही, त्यामुळे कथेचा बराचसा भार बाहेरच्या दर्शनी भिंतीवर आणि रांगेत ऐकवल्या जाणाऱ्या निवेदनावर पडतो, तर आतले प्रत्येक दालन स्वतंत्र चित्रासारखे, कोणत्याही क्षणी शिरले तरी कळेल असे, रचावे लागते.

या नियोजनाची सर्वांत कठोर शिकवण ऑक्टोबरमध्ये नव्हे तर मे महिन्यात मिळाली. न्यू जर्सीतील जॅक्सन टाउनशिपमधल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर उद्यानात ‘हाँटेड कॅसल’ नावाचे पायी पाहायचे भूतघर होते, जे १७ ट्रेलर एकमेकांना जोडून उभारलेले होते. ११ मे १९८४ रोजी आत अंधारात वाट पाहण्यासाठी पेटवलेल्या लायटरची ज्योत भिंतीवरील फोमच्या गादीला लागली आणि आग काही क्षणांत पसरली. आठ किशोरवयीन मुले त्यात मरण पावली. ट्रेलरचे बांधकाम तात्पुरते मानले गेल्यामुळे तेथे पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. आगीची बातमी आतल्यांना उशिरा कळली, कारण धूर आणि किंकाळ्या हे त्या घराचे नेहमीचेच सामान होते. पुढे चाललेल्या खटल्यात कंपन्या सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून सुटल्या, परंतु राज्याचे कायदे आणि राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेची ‘लाइफ सेफ्टी कोड’ ही नियमावली त्यानंतर बदलली. पाहुण्याला वाट सापडू नये अशी मुद्दाम रचना असलेल्या इमारतींचा ‘विशेष करमणूक इमारत’ असा वेगळा वर्ग नियमांत काटेकोरपणे बांधला गेला, त्यांत फवारे आणि धूरशोधक सक्तीचे झाले, आणि धोक्याचा इशारा मिळताच गोंधळात टाकणारे आवाज व प्रकाशखेळ आपोआप थांबून बाहेर जाण्याची वाट उजळली पाहिजे, असे ठरले. आज कोणत्याही चांगल्या भूतघरात अंधार जितका विचारपूर्वक आखलेला असतो, तितकाच तो क्षणात नाहीसा करण्याची सोयही आखलेली असते. ती सोय त्या आठ मुलांच्या मृत्यूने आणली, हे या व्यवसायाच्या कौतुकाच्या पुस्तकांतून ठळकपणे यायला हवे.

फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ मध्ये तीन रात्रींपुरता ‘फ्राइट नाइट्स’ हा कार्यक्रम भरवला, ज्याचे पुढच्याच वर्षी ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ असे नामकरण झाले. त्या पहिल्या वर्षीचे एकमेव भूतघर ‘द डंजन ऑफ टेरर’ हे, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या ‘जॉज’ या सफरीच्या रांगेसाठी बांधलेल्या जागेत उभारले गेले. वळणावळणाचा बंदिस्त मार्ग तयारच होता, त्यात माणसांऐवजी भिंती आणि भुते भरली गेली. नॉटकडे रांगेतून गाव झाले होते, येथे रांगेचीच कोठडी झाली. पुढे चित्रपट कंपनीचे हे उद्यान गोष्टीच्या बाजूने खूप पुढे गेले. २००० साली ‘जॅक द क्लाउन’ या विदूषकाच्या रूपाने संपूर्ण हंगामाला एक सूत्रधार मिळाला, आणि वेगवेगळी घरे, रस्ते व प्रयोग हे सर्व त्याच्याच दुनियेचे भाग आहेत, असे सांगण्याची पद्धत पडली. तमाशातला सोंगाड्या किंवा दशावतारातला सूत्रधार जे काम करतो तेच काम येथे मोठ्या आवारावर पसरले : दहा ठिकाणी विखुरलेल्या आणि दहा वेगळ्या क्रमांनी फिरणाऱ्या गर्दीला एका चेहऱ्याने बांधून ठेवणे. २००१ साली जॅकचा करवतधारी भाऊ एडी सूत्रधार म्हणून ठरला होता, परंतु ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर त्याला मागे घेतले गेले आणि रक्ताची दृश्येही आवरली गेली. गर्दीला काय सोसवेल याचा अंदाज हाही नियोजनाचाच भाग आहे, हे २०१६ मध्ये नॉटच्या उद्यानाला पुन्हा उमगले, जेव्हा मनोरुग्णालयावर बेतलेला ‘फिअर व्हीआर’ हा खेळ रुग्णहक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या आक्षेपानंतर बंद करावा लागला. तो आक्षेप योग्यच होता. आजारी माणसाचा राक्षस करणे ही या कलेची जुनी आणि आळशी खोड आहे.

गर्दी हाताबाहेर गेली तर गोष्टीचा काहीच उपयोग होत नाही, याची आठवण २९ ऑक्टोबर २०२२ रोजी सोल शहरातील इतेवॉन भागात आली. तेथे उद्यान नव्हते, तिकीट नव्हते आणि एकच एक आयोजकही नव्हता. हॅलोविनसाठी जमलेली तरुण मुले उताराच्या एका अरुंद गल्लीत दोन्हीकडून शिरली आणि चेंगराचेंगरीत १५९ जणांचा जीव गेला. एकदिशा वाट, आत सोडण्याचे अंतर आणि प्रवाह पाहणारी माणसे या भूतघरातल्या साध्या गोष्टींपैकी तेथे एकही नव्हती. उद्यानांनाही सगळेच साधले असे नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मारामाऱ्यांमुळे नॉटच्या उद्यानाला एका शनिवारी लवकर दारे बंद करावी लागली, आणि त्यानंतर अल्पवयीन मुलांसोबत प्रौढ व्यक्ती असण्याचा नियम आला. महामंदीच्या काळात ज्या वयाच्या पोरांना रस्त्यावरून आत आणण्यासाठी भूतघरे निघाली, त्याच वयाच्या पोरांना आता एकट्याने आत घ्यायचे की नाही हा प्रश्न उद्यानांपुढे आहे.

रांग मात्र आता स्वतःच विकाऊ झाली आहे. जादा पैसे भरणाऱ्याला वेगळ्या वाटेने लवकर आत सोडण्याची पद्धत सर्व मोठ्या भयरात्रींत आहे, आणि तिचा परिणाम असा होतो की साधे तिकीट घेतलेल्या माणसाला रात्रभरात मोजकीच घरे पाहायला मिळतात. जी रांग नॉटने गोष्ट सांगून सुसह्य केली, ती टाळण्याचीच किंमत घेणे म्हणजे या व्यवसायाने स्वतःच्या उगमाकडे फिरवलेली पाठ आहे. दरम्यान भयरात्रींचा प्रसार सिंगापूर आणि ओसाका येथील युनिव्हर्सल उद्यानांपर्यंत झाला, आणि महाराष्ट्रातून सप्टेंबर-ऑक्टोबरात सिंगापूरला जाणाऱ्या पर्यटकाला सेंतोसा बेटावर त्यांचा जवळून अनुभव घेता येतो. ब्युना पार्कच्या उद्यानातील भयरात्रींना २०२३ मध्ये ५० वर्षे झाली. कॉर्डेलिया नॉटचे कोंबडीच्या जेवणाचे उपाहारगृह उद्यानाच्या प्रवेशद्वाराबाहेर अजून चालू आहे, आणि सुटीच्या दिवशी तेथे थांबावे लागते.